संग्रहालयातील व्हर्च्युअल रिॲलिटी आणि भूतकाळाचा अनुभव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयात व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणजे नेमके काय पाहायला मिळते?

डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोरची भिंत, शेजारी उभा असलेला माणूस आणि पायाखालची फरशी दिसेनाशी होते, आणि त्यांच्या जागी संगणकाने उभे केलेले एक स्थळ चहूबाजूंनी दिसू लागते. मान वळवली की त्या स्थळाची ती बाजू दिसते, वर पाहिले की छत दिसते, आणि दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवली जात असल्यामुळे अंतराची आणि खोलीची जाणीवही होते. चित्रपटात कुठे पाहायचे हे दिग्दर्शक ठरवतो. येथे ते पाहणारा ठरवतो.

याचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिल्यात प्रेक्षक खुर्चीवर बसून केवळ मान फिरवतो. दुसऱ्यात तो मोकळ्या दालनात प्रत्यक्ष चालतो आणि त्याच्या पावलांबरोबर समोरचे दृश्यही सरकते. दुसऱ्या प्रकाराला जागा फार लागते, म्हणून लहान संग्रहालयांना सहसा पहिलाच परवडतो.

खरी वस्तू काचेच्या कपाटात समोर असताना या साधनाची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. अस्सल वस्तूची जागा कोणतेही चित्र घेऊ शकत नाही, आणि ज्या संग्रहालयात हेडसेटपुढे रांग आणि मूळ वस्तूंच्या दालनात शुकशुकाट असतो तेथे काहीतरी चुकले आहे असे खुशाल समजावे. परंतु कपाटात ठेवलेल्या वस्तूची एक अडचण असते. ती ज्या जागी, ज्या उजेडात आणि ज्या हातांत वापरली गेली, ते सारे तिच्यापासून तुटलेले असते. पणती काचेमागे दिव्याखाली ठेवलेली पाहणे वेगळे आणि तिच्या एकट्या ज्योतीने उजळलेली अंधारी खोली पाहणे वेगळे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ऑगस्ट २०१५ मध्ये एका शनिवार-रविवारी सॅमसंगच्या साहाय्याने असा प्रयोग केला होता. संग्रहातील कांस्ययुगीन वस्तूंचे त्रिमितीय स्कॅन करून त्या एका गोलाकार घरात, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या राहत्या जागेत, मांडून दाखवण्यात आल्या. प्रकाश बदलत जाई तसे घराचे रूप बदलत असे. याच धर्तीवर लंडनमधीलच टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या मोदिल्यानीच्या प्रदर्शनात या चित्रकाराचा पॅरिसमधील अखेरचा स्टुडिओ उभा केला. ती खोली आजही अस्तित्वात असल्यामुळे तिची मापे घेता आली, आणि खोलीतील सामान मात्र जुन्या नोंदी, आठवणी आणि त्याची चित्रे यांवरून ठरवावे लागले. दोन्हीकडे वस्तू किंवा चित्र जवळच्या दालनात होतेच. हेडसेटने त्यांच्या भोवतालची हरवलेली जागा तेवढी परत दिली.

अवशेष असलेल्या जागीच हेडसेट घालून पाहिल्याने काय फरक पडतो?

माझ्या मते फार मोठा फरक पडतो, आणि रोममधील दोमुस आउरेआ, म्हणजे सम्राट नीरोचा सुवर्णप्रासाद, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. म्हणून ते जरा सविस्तर सांगणे योग्य ठरेल.

इ.स. ६४ मध्ये रोमला लागलेल्या मोठ्या आगीनंतर नीरोने हा प्रासाद बांधायला घेतला. ६८ मध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या उद्यानातील तळ्याच्या जागी पुढे कलोसियम उभे राहिले, आणि ट्रेजन सम्राटाने प्रासादाच्या उरलेल्या भागातील संगमरवर काढून घेऊन, दालने मातीने भरून, त्यांच्यावर आपली सार्वजनिक स्नानगृहे बांधली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार छताला पडलेल्या भगदाडांतून दोरांच्या साहाय्याने आत उतरले, तेव्हा त्यांना आपण गुहेत आलो असेच वाटले. गुहेसाठी इटालियनमध्ये असलेल्या शब्दावरूनच तेथील नक्षीच्या शैलीला ग्रोटेस्क हे नाव पडले. राफाएलसारख्या चित्रकाराने तिचे अनुकरण केले.

आजही तेथे जाणाऱ्याला प्रथम गुहाच दिसते. डोक्यावर संरक्षक टोपी घालून, वाटाड्याच्या मागोमाग, थंड आणि दमट बोगद्यांसारख्या दालनांतून जावे लागते. भिंतींवर उघड्या विटा आहेत, वर खूप उंचावर रंगांचे पुसट डाग दिसतात. हे सारे जमिनीखाली का आहे, असा प्रश्न पडतो. पण मुळात ते जमिनीखाली नव्हतेच, हे वाटाड्याने कितीही वेळा सांगितले तरी मनाला पटत नाही. फेब्रुवारी २०१७ पासून सुवर्णछताच्या दालनात पाहुण्यांना बसवून हेडसेट दिला जाऊ लागला. तो घातल्यावर याच भिंती संगमरवराने मढतात, छतावरची चित्रे रंग धरतात, अंधार ओसरतो आणि बाहेरच्या स्तंभांच्या ओळीतून बागेचा उजेड आत येतो. हा वाडा उजेडासाठी बांधला होता, ही एकच गोष्ट कळली तरी त्या जागेचा सगळा अर्थ बदलतो. ट्रेजनच्या मातीने नेमकी तीच गोष्ट झाकून टाकली होती.

मग हेडसेट काढला जातो. पाहणारा त्याच जागी बसलेला असतो, समोर त्याच उघड्या विटा असतात. पण आता संगमरवराचे तुकडे कुठून उपटले गेले आणि बाहेरून उजेड कुठल्या बाजूने येत असे, हे त्याला त्या विटांवर वाचता येते. घरी बसून हीच दृश्ये पाहिली तर ती सुंदर वाटतील, एवढेच.

हेडसेटमध्ये दिसते त्यातले खरे किती आणि कल्पना किती?

प्रत्येक पुनर्रचनेत दोन्ही असतात, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक कोपऱ्यात वेगळे असते. उत्खननात सापडलेले जोते आणि भिंतीचा उभा राहिलेला भाग मोजता येतो. भिंतीच्या जाडीवरून आणि खांबांच्या खाचांवरून वरच्या बांधकामाचा अंदाज बांधता येतो. समकालीन लेखक, प्रवासी, जुनी चित्रे, हिशेबाची कागदपत्रे यांतून आणखी काही मिळते. नीरोच्या तळ्याचेच पाहा: ते समुद्रासारखे होते आणि त्याभोवती शहरांसारख्या दिसणाऱ्या इमारती होत्या, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे, परंतु त्या इमारतींचा रंग आणि उंची चित्रकाराला स्वतःच ठरवावी लागते. पडदे, भांडी, माणसांचे कपडे आणि चालणे-बोलणे यांत कल्पनेचा वाटा आणखी वाढतो.

अडचण अशी की पुस्तकात "बहुधा", "असावे" असे शब्द लिहिता येतात, चित्राला मात्र तसे बोलता येत नाही. चित्रातले दार एकतर उघडे असते किंवा बंद. हेडसेटमध्ये हा परिणाम दुणावतो, कारण जे आपण चारही बाजूंनी पाहिले ते खोटे असू शकते यावर मन विश्वास ठेवायला तयार नसते. या चिंतेतूनच अभ्यासकांनी लंडन चार्टर नावाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांची सध्याची आवृत्ती २००९ ची आहे. पुनर्रचना करताना कोणता पुरावा वापरला, कोणता निर्णय का घेतला, कुठे अंदाज केला, याची नोंद ठेवली जावी आणि ती इतरांना पाहता यावी, हा त्या तत्त्वांचा गाभा आहे. पुरातत्त्वासाठी त्यांनाच पुढे नेणारी सेव्हिल तत्त्वेही आहेत.

ब्रिटिश म्युझियमच्या ज्या प्रयोगाचा उल्लेख वर केला, त्यात ठेवलेल्या वस्तूंचे एकापेक्षा अधिक अर्थ पाहुण्यांपुढे मांडले होते. हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. एखादे कडे दागिना होता की पूजेचे द्रव्य, हे जर अभ्यासकांनाच ठाऊक नसेल, तर पाहणाऱ्यालाही ते ठाऊक नसल्याचे कळले पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

काल्पनिक पात्रे दाखवणे योग्य आहे का?

ती काल्पनिक आहेत हे सांगितले असेल तर हरकत नाही. पॅरिसच्या म्यूझे दॉर्सेने २०२४ मध्ये इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनाला दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने प्रेक्षकांना १५ एप्रिल १८७४ च्या संध्याकाळी नेले. छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत ३१ कलावंतांनी ते प्रदर्शन भरवले होते. सुमारे पाऊण तासाच्या या फेरीत प्रेक्षकाला हात धरून नेणारी रोज नावाची तरुणी कल्पित आहे, तर तिला भेटणारे मोने, रन्वार, सेझान हे खरे. कोणती चित्रे मांडली होती हे प्रदर्शनाच्या छापील सूचीतून कळते. ते चित्रकार त्या संध्याकाळी एकमेकांशी नेमके काय बोलले, हे मात्र लेखकांनी रचले. ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्या मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. कादंबरी वाचताना आपण जेवढे सावध असतो, तेवढे येथेही असावे.

अत्याचाराचा आणि दुःखाचा इतिहास अशा साधनाने दाखवावा का?

येथे संयम सर्वांत महत्त्वाचा, आणि ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँक हाऊसने तो कसा पाळला हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रिन्सेनग्राख्त २६३ या इमारतीच्या मागील भागात आठ ज्यू माणसे नाझींपासून लपून राहिली होती. फ्रँक कुटुंब ६ जुलै १९४२ रोजी तेथे गेले आणि ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना अटक झाली. अटकेनंतर घरातील सामान काढून नेण्यात आले. त्या आठांपैकी एकटे ओटो फ्रँक, म्हणजे ॲनचे वडील, छळछावणीतून जिवंत परतले, आणि त्या खोल्या रिकाम्याच राहाव्यात अशी त्यांची इच्छा होती. १९६० मध्ये संग्रहालय सुरू झाले तेव्हापासून आजतागायत त्या रिकाम्या आहेत. ॲनने भिंतीवर चिकटवलेली चित्रे तेवढी तेथे आहेत, आणि मुलींची वाढ मोजण्यासाठी वडिलांनी भिंतीवर ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघाही.

२०१८ मध्ये संग्रहालयाने सुमारे २५ मिनिटांची व्हर्च्युअल रिॲलिटी फेरी तयार केली. तीत या खोल्या सामानासह दिसतात: पलंग, टेबल, स्वयंपाकाचा ओटा, खिडक्यांवरचे पडदे. पण माणसे एकही दिसत नाहीत. कुणाच्या तोंडाला रंग लावून ॲन उभी केलेली नाही. पाहणारा एकटाच खोल्यांतून फिरतो आणि तिने तेथे लपून असताना लिहिलेल्या दैनंदिनीतील उतारे त्याच्या कानांवर पडतात. खऱ्या खोल्या वडिलांच्या इच्छेप्रमाणे रिकाम्या ठेवायच्या आणि सामानाने भरलेल्या खोल्या फक्त हेडसेटमध्ये दाखवायच्या, ही विभागणी मला अतिशय समंजस वाटते. शिवाय त्या घराचे जिने अरुंद आणि खड्या चढणीचे आहेत. ज्यांना ते चढता येत नाहीत त्यांच्यासाठी संग्रहालयात ही फेरी हाच वर पोहोचण्याचा मार्ग ठरतो.

रक्तपात, अटकेचा क्षण, गॅसचे कक्ष प्रेक्षकाला "अनुभवायला" लावणे मात्र मला अयोग्य वाटते. हेडसेट काढून चहा प्यायला जाता येते, त्यामुळे त्या माणसांवर जे गुदरले ते आपण अनुभवले, असे कुणालाही म्हणता येत नाही.

नाजूक स्थळांच्या रक्षणासाठी याचा उपयोग होतो का?

होतो. फ्रान्समधील लास्को ही प्रागैतिहासिक भित्तिचित्रांची गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. रोज शेकडो माणसांच्या श्वासातील बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि दिव्यांचा उजेड यांमुळे भिंतींवर शेवाळ व स्फटिक धरू लागले आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. १९८३ पासून लोक तिची प्रतिकृती पाहतात. मूळ गुहेच्या तपशीलवार स्कॅनवरून तिची खऱ्या मापाची आभासी फेरीही तयार झाली आहे.

अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाला या प्रश्नाची झळ ठाऊक आहे. मंद उजेडात, पुढच्या गटाची घाई पाठीशी असताना, सतराव्या लेण्यातील एखाद्या जातककथेचे चित्र शोधायचे म्हणजे डोळे अंधाराला सरावेपर्यंतच वेळ संपतो. उच्च दर्जाच्या छायाचित्रांवर आधारलेल्या आभासी लेण्यात तेच चित्र हवा तेवढा वेळ आणि हव्या तेवढ्या जवळून पाहता येईल, मूळ रंगावर एक किरणही जास्त न पाडता. मात्र त्यासाठी लेण्याला भेट देणे थांबवावे असे कुणी सुचवू नये. डोंगर कोरून काढलेल्या त्या पोकळीचा गारवा आणि तेथील प्रतिध्वनी हाही त्या चित्रांचाच भाग आहे.

ही दृश्ये तयार कशी होतात?

जे अस्तित्वात आहे त्याची लेझर स्कॅनरने मापे घेतात, किंवा सर्व बाजूंनी शेकडो छायाचित्रे काढून त्यांवरून संगणक त्रिमितीय प्रतिमा बांधतो. जे नाही ते अभ्यासकांच्या देखरेखीखाली चित्रकार रचतात. मग व्हिडिओ गेमसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीत सारे एकत्र आणतात. यांत सर्वांत जास्त वेळ वाद घालण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

भारतात किंवा महाराष्ट्रात असे काही शक्य आहे का?

शक्य आहे, आणि त्याची सुरुवातही झाली आहे. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातील तोरणगल्लू येथे हंपीच्या अवशेषांची त्रिमितीय दृश्ये गोलाकार पडद्यावर दाखवणारे संग्रहालय आहे. तेथे हेडसेट नसतो. फिरत्या चौथऱ्यावर उभे राहून पाहणारा स्वतः चहूकडे वळतो.

महाराष्ट्रात असा विचार करायचा तर रायगड डोळ्यांसमोर येतो, आणि पुरावा व कल्पना यांचा प्रश्न तेथे किती अवघड आहे हेही लगेच कळते. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात गडावरचे वाडे जळाले. आज जोती, नगारखाना आणि जगदीश्वराचे मंदिर उभे आहे. जोत्यांची मापे अचूक घेता येतील. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने सिंहासनाच्या एका बाजूला भाल्याच्या टोकावर मोठ्या दातांची सोन्याची माशांची डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू पाहिल्याचे लिहिले आहे. दारात दोन लहान हत्ती आणि दोन घोडे पाहून, एवढ्या अवघड वाटेने ही जनावरे वर आणली तरी कशी, याचा त्याला अचंबा वाटला होता. सभासद बखरीत बत्तीस मणांच्या सुवर्णसिंहासनाचा उल्लेख आहे. म्हणजे वजन लिहिलेले आहे, आजूबाजूची चिन्हे लिहिलेली आहेत; पण सिंहासनाची पाठ किती उंच होती आणि तिच्यावर कोणती नक्षी होती, हे चित्रात दाखवायचे झाले तर कुणाला तरी ठरवावे लागेल.

आवाजाचाही विचार करावा. सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी हळू बोललेले नगारखान्याजवळ ऐकू येते, हे वाटाडे आजही करून दाखवतात. छत, पडदे आणि माणसांची दाटी असताना तोच आवाज कसा पोहोचला असेल, हे आभासी दरबारात वेगवेगळ्या पद्धतींनी ऐकवता येईल. असे काम कधी झाले, तर एक कळ दाबली की कल्पनेचा सारा भाग नाहीसा होऊन फक्त जोते उरावे, अशी सोय त्यात असावी. आपल्या इतिहासाबद्दलचा आदर मला त्यातच दिसतो.

हेडसेट घातल्यावर चक्कर का येते आणि त्यावर उपाय काय?

डोळे सांगतात की आपण चाललो आहोत, आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण स्थिर आहोत. या विसंगतीमुळे मळमळ किंवा गरगरणे जाणवते. गाडी लागणाऱ्यांना हा त्रास अधिक होण्याचा संभव असतो. खुर्चीवर बसून पाहण्याचा किंवा स्वतःच्या पायांनी चालण्याचा प्रकार निवडावा; उभ्याउभ्या दृश्य आपोआप पुढे सरकणारा प्रकार टाळावा. त्रास सुरू झाला तर डोळे मिटून हेडसेट काढावा आणि मदतनीसाला सांगावे. सहन करत बसू नये.

लहान मुले, चष्मा वापरणारे आणि ज्येष्ठ यांनी काय काळजी घ्यावी?

काही उत्पादकांनी तेरा वर्षांखालील मुलांसाठी हेडसेट सुचवलेला नाही, आणि ब्रिटिश म्युझियमनेही २०१५ मध्ये हीच मर्यादा ठेवली होती. लहान मुलांना तेथे टॅबलेटवर आणि घुमटाकार पडद्यावर तेच दृश्य पाहता येत होते. ही व्यवस्था आपल्याकडच्या संग्रहालयांनीही उचलावी. चष्म्यासह बहुतेक हेडसेट बसतात, मात्र चष्म्याची चौकट फार रुंद नसावी. दृश्य अंधुक दिसले तर भिंगांमधील अंतर बदलून मागावे, कारण प्रत्येकाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर वेगळे असते. हेडसेटचे वजन साधारण अर्धा किलो असते, त्यामुळे मानेचे दुखणे असलेल्यांनी लांबलचक फेरी घेऊ नये. पेसमेकर, फिट येण्याचा विकार किंवा गर्भावस्था असल्यास आधी डॉक्टरांना आणि मग संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना विचारावे.

दालन आधी पाहावे की हेडसेट आधी घालावा?

वेळ असेल तर आधी दालन, मग हेडसेट, आणि पुन्हा पाच मिनिटे दालन. पहिल्या खेपेला जी वस्तू सहज ओलांडून गेलो होतो, तिच्यासमोर दुसऱ्या खेपेला पाय थांबतात. वेळ एकाच फेरीचा असेल तर हेडसेट आधी उरकून घ्यावा आणि उरलेला सगळा वेळ खऱ्या वस्तूंना द्यावा. शनिवार-रविवारी हेडसेटची रांग दुपारी वाढते, म्हणून सकाळी दार उघडताच जाणे बरे.